बांगडा औषधाच्या पाण्यात बुडवण्याआधी

"धुवायला कुठलं केमिकल वापरू?" हा प्रश्न मासे पाठवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांकडून नेहमी येतो. माल बंदरावरून सकाळी निघतो, दुपारी किंवा रात्री पुण्या-कोल्हापुरात पोचतो आणि तिथला गिऱ्हाईक नाक मुरडतो. मग कुणीतरी सांगतं की क्लोरीनच्या पाण्यातून काढ, जंतू मरतात, माल टिकतो. सांगणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कळलं नाही तर पैसे पाण्यात जातात, आणि कधीकधी मालही.

आधी जंतू असतात कुठे ते बघू. नुकत्याच पकडलेल्या निरोगी माशाचं मांस जवळजवळ निर्जंतुक असतं. जंतू असतात ते त्वचेवरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यात. त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर शंभरापासून एक कोटीपर्यंत काहीही सापडू शकतं. कल्ले आणि आतड्यात ग्रॅमला हजारापासून शंभर कोटीपर्यंत. म्हणजे अख्ख्या माशाला कुठल्याही द्रावणात बुडवलं तरी औषध पोचतं ते फक्त त्वचेपर्यंत, आणि थोडंफार कल्ल्यांपर्यंत. पोटातल्या साठ्याला ते शिवतही नाही. बांगडा, तारली हे मासे पोट न फाडता विकले जातात, त्यामुळे त्यांचा सगळ्यात मोठा साठा औषधापासून सुरक्षित बसलेला असतो. तारलीचं पोट भरलेलं असताना ती पकडली गेली की तिचेच पाचकरस काही तासांत पोट फोडतात. मग आतलं सगळं बाहेर, आणि धुतलेल्या बाकीच्या मालावर.

आता औषधाने मिळतं किती? नीट केलेल्या क्लोरीनच्या धुण्याने त्वचेवरचे जंतू साधारण दहाला एक या प्रमाणात उतरतात. एक कोटीचे दहा लाख. ऐकायला मोठं वाटतं. पण शून्य अंशाला मासा नासवणारे जंतू दुप्पट व्हायला साधारण एक दिवस घेतात. दहापट व्हायला तीन-सव्वातीन वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे बर्फात नीट ठेवलेल्या मालाला कागदावर तीन दिवस मिळतात. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण कल्ले आणि आतडं आपापल्या गतीने चालूच असतात. माल १० अंशांवर असेल तर तीच कमाई एका दिवसाच्या आत संपते. आणि क्रेट ३० अंशांच्या उन्हात जेटीवर पडून असेल तर तिथे वाढणारे उष्णतेतले जंतू दोन तासांत सगळं भरून काढतात.

तापमानाचं गणित तोंडपाठ करण्यासारखं आहे. शून्य अंशाला नासण्याचा वेग १ धरला, तर ५ अंशांवर तो सव्वादोन पट आणि १० अंशांवर चौपट होतो. औषध एकदाच काम करतं, बर्फ मात्र वितळेपर्यंत करत राहतो. म्हणून ज्याच्याकडे एका गोष्टीपुरतेच पैसे आहेत त्याने ते बर्फात घालावेत. दुसरं मत आमच्याकडे नाही.

बर्फ पुरेसा आहे, पाणी चांगलं आहे, क्रेट स्वच्छ आहेत, आणि तरीही वरचा एक-दीड दिवस हवा आहे, अशांसाठी पुढचं.

सगळ्यात जास्त चूक होते ती क्रमात. मासा होडीवरून आला तसा, बुळबुळीसकट, रक्तासकट थेट क्लोरीनच्या टबात जातो. क्लोरीनला जंतू आणि बुळबुळ यांतला फरक कळत नाही. समोर जे प्रथिन येईल, जो अमोनिया येईल, त्यावर तो खर्च होतो. पहिल्या क्रेटला १० पीपीएम (म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम) क्लोरीन असलेलं पाणी तिसऱ्या क्रेटपर्यंत लालसर आणि फेसाळ होतं, क्लोरीन मोजायची पट्टी घातली तर मोकळा, म्हणजे अजून खर्च न झालेला, क्लोरीन शून्य. तिथून पुढचे सगळे क्रेट एकमेकांच्या जंतूंच्या पाण्यात अंघोळ करतात. पहिल्यापेक्षा दहाव्या क्रेटवर जंतू जास्त, असा निकाल येतो तो यामुळे.

म्हणून आधी नुसत्या थंड, पिण्यायोग्य पाण्याने धुणं. वाहत्या पाण्याखाली किंवा फवाऱ्याखाली, जाळीच्या क्रेटमध्ये, मासा हाताने उलटापालटा करत. सुरमईसारखा मोठा मासा असेल तर शेपटीकडून डोक्याकडे नाही, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवायचा, म्हणजे बुळबुळ कल्ल्यांत ढकलली जात नाही. पोट काढलेल्या घोळ किंवा सुरमईत कण्याच्या खालची काळपट रक्ताची रेघ चमच्याने किंवा ताठ ब्रशने खरवडून काढायची. ती रेघ राहिली तर बाकी सगळं धुणं दिखाऊ. या साध्या धुण्यानेच बरेच जंतू जातात. समुद्राच्या खारट पाण्यावर जगणारे व्हिब्रिओ जातीचे जंतू तर गोड्या पाण्याच्या धुण्याने आणखी कमी होतात, कारण मिठाशिवाय त्यांचं भागत नाही.

पाणी कुठलं, हा प्रश्न इथेच येतो. बंदराच्या आतलं पाणी पंपाने उचलून मासे धुण्याची सवय सगळीकडे आहे. त्या पाण्यात गटाराचं पाणी असतं, होड्यांचं तेल असतं, लिलावाच्या ओट्यावरून वाहून गेलेलं सगळं असतं. भर समुद्रात धुतलेला मासा जेटीवर या पाण्याने पुन्हा धुतला तर त्यावर आधी नव्हते ते आतड्याचे जंतू चढतात. समुद्राचंच पाणी वापरायचं असेल तर ते किनाऱ्यापासून दूर, होडी चालू असताना भरून घ्यायचं. १ ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठून हंगाम सुरू होतो तेव्हा विहिरी, बोअर आणि टँकरचं पाणीही गढूळ असतं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतो, तेव्हा आधी निवळा किंवा गाळा, मग क्लोरीन घाला.

यानंतर क्लोरीन. अख्ख्या माशासाठी ५ ते १० पीपीएम, एक ते दोन मिनिटं, बर्फ घालून ५ अंशांच्या खाली आणलेल्या पाण्यात. मग स्वच्छ थंड पाण्याचा एक हात आणि लगेच बर्फात. जास्त घातलं की जास्त फायदा, असं इथे होत नाही. ५० पीपीएमला त्वचेवरचे जंतू थोडे आणखी उतरतील, पण कल्ल्यांचा लाल रंग उतरून ते राखाडी-तपकिरी दिसू लागतात, डोळे धुरकट होतात आणि शिजवल्यावर दवाखान्याचा वास येतो. आपल्याकडचं गिऱ्हाईक कल्ला उचलून बघितल्याशिवाय मासा घेत नाही. ताजा मासा तुम्ही स्वतःच्या हाताने शिळा दाखवलात, असं होतं. खरं तर मोठ्या माशाचे कल्ले काढून टाकणं हाच जंतू कमी करण्याचा सगळ्यात सोपा उपाय आहे. पण कल्ले नसलेली सुरमई बाजारात संशयाने बघितली जाते. हॉटेलला थेट माल देणाऱ्यांनी मात्र खरेदीदाराशी बोलून कल्ले आणि पोट काढूनच द्यावं.

औषध मोजण्याचं सूत्र सोपं आहे. पाण्याचे लिटर गुणिले हवे तेवढे पीपीएम, भागिले बाटलीवरच्या टक्क्यांची दहापट. उत्तर मिलीलिटरमध्ये. ५०० लिटरच्या टाकीत १० पीपीएम हवं आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे बाटलीतला पातळ क्लोरीन) १० टक्क्यांचं असेल, तर ५०० गुणिले १० म्हणजे ५,०००, भागिले १००, म्हणजे ५० मिलीलिटर. ४ टक्क्यांचं असेल तर १०० लिटरला २५ मिलीलिटर. ग्रामपंचायतीत मिळते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ३३ टक्क्यांची धरली तर हेच सूत्र ग्रॅममध्ये चालतं: १०० लिटरला ३ ग्रॅम. पण टीसीएल थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवून अर्धा तास ठेवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच घ्या. नाहीतर माशावर पांढरे डाग पडतात आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, वर जातो.

हा पीएच किरकोळ वाटतो, पण अर्धा खेळ त्याचाच आहे. पाण्यातला क्लोरीन दोन रूपांत असतो, एक मारक आणि एक जवळजवळ निष्क्रिय. पीएच ७.५ ला दोन्ही निम्मे निम्मे. ६.५ ला नव्वद टक्के मारक. ८.५ ला जेमतेम दहा टक्के. बोअरचं जड पाणी आणि वर टीसीएल, म्हणजे पीएच सहज आठच्या पुढे. पट्टीवर १० पीपीएम दिसतं आणि जंतू मात्र मजेत असतात. पीएच ६.५ ते ७.५ मध्ये ठेवायचा, तोही आधी पाण्यात थोडं सायट्रिक आम्ल पूर्ण विरघळवून, मग पातळ केलेलं हायपो घालून. घट्ट हायपोत आम्ल कधीही ओतायचं नाही. व्हिनेगर असो, लिंबाचा रस असो की संडास साफ करायचं आम्ल, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद खोलीत किंवा व्हॅनमध्ये हा प्रकार जिवावर बेततो.

हायपोचा डबा उन्हात ठेवला की तो उतरतो. कोकणातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये १० टक्क्यांचा डबा दोनेक महिन्यांत निम्म्यावर येऊ शकतो. डब्यावरची तारीख बघून घ्या, सावलीत ठेवा आणि हिशोबावर न विसंबता पाणी तपासा. सुवासिक घरगुती ब्लीच तर अजिबात नको. त्यात साबणासारखे पदार्थ असतात, ते माशावर राहतात.

तपासताना एक फसगत ठरलेली. पाण्याच्या टाक्यांसाठीचे डीपीडी किट, ज्यात क्लोरीन असला की नमुना गुलाबी होतो, ते ४-५ पीपीएमपर्यंतच नीट चालतात. त्याहून बराच जास्त क्लोरीन असेल तर रंग क्षणभर गुलाबी होतो आणि लगेच उडतो. बघणाऱ्याला वाटतं क्लोरीन नाहीच, म्हणून तो आणखी ओततो. असं वाटलं की नमुना स्वच्छ, क्लोरीन नसलेल्या पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा बघा आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणा. टाकी सुरू करताना एकदा आणि मग दर दोन-तीन क्रेटनंतर एकदा. मोकळा क्लोरीन ५ च्या खाली गेला की आणखी हायपो ओतत बसू नका, पाणी बदला. घाण पाण्यात ओतलेला क्लोरीन अमोनियाशी जुळून क्लोरामाइन होतो. उग्र वास येतो तो त्याचाच, आणि त्यात मारण्याची ताकद कमी. वास येतोय म्हणजे क्लोरीन भरपूर आहे, ही समजूत नेमकी उलटी आहे.

युरोपला माल पाठवणाऱ्यांनी मात्र इथे थांबायचं. युरोपीय संघाच्या २००४ च्या ८५३ क्रमांकाच्या नियमानुसार प्राणिजन्य पदार्थांवरची घाण किंवा जंतू काढायला पिण्याचं पाणी किंवा स्वच्छ पाणी सोडून दुसरा पदार्थ वापरता येत नाही, त्याला संघाने वेगळी मान्यता दिली असेल तरच. क्लोरीनमध्ये धुतलेल्या अमेरिकी कोंबड्यांवरून जे भांडण वर्षानुवर्षं चाललंय ते याच मुळातून. अमेरिकेत उलट चित्र. तिथे आम्ल मिसळलेल्या सोडियम क्लोराइटचं ४० ते ५० पीपीएमचं पाणी किंवा बर्फ, पीएच २.५ ते २.९ वर, कच्च्या समुद्री मालासाठी मान्य आहे. ओझोन या जंतुनाशक वायूलाही तिथे २००१ पासून मान्यता आहे. तेव्हा माल कुठे जाणार हे ठरवल्याशिवाय औषध ठरवू नका, आणि खरेदीदाराकडून लेखी घ्या.

ओझोनविषयी विक्रेते भरभरून बोलतात. मशीनचं पाणी जंतू मारतं यात खोटं नाही, आणि मागे काही उरत नाही हेही खरं. पण साध्या तापमानाच्या स्वच्छ पाण्यातही तो वीसेक मिनिटांत निम्मा होतो, बुळबुळ असली तर त्याच्या कितीतरी आधी. साठवता येत नाही, जागेवरच बनवावा लागतो. बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशांत जास्त झाला तर चरबी खवट होते. शेडमध्ये हवेत ०.१ पीपीएमच्या वर गेला तर कामगारांना खोकला आणि डोळ्यांची चुरचुर सुरू होते. दिवसाला दोन-चार क्रेट करणाऱ्याला हे मशीन परवडत नाही. पेरअॅसेटिक आम्ल हे आणखी एक जंतुनाशक घाणीत क्लोरीनपेक्षा बरं टिकतं, पण ते खाद्यपदार्थांसाठी मान्य असलेलंच घ्यायचं आणि लेबलावरचं प्रमाण ओलांडायचं नाही. लॅक्टिक किंवा अॅसेटिक आम्लाची एक-दोन टक्क्यांची अंघोळ तुकड्यांना चालून जाते, अख्ख्या माशाचे मात्र डोळे आणि कल्ले शिजल्यासारखे पांढरे करते. कोकम, चिंच, लिंबू यांनी वास कमी होतो तो वास आणणाऱ्या अमाइनांशी आम्ल जुळतं म्हणून. त्याने शिळा मासा ताजा होत नाही.

आता पुन्हा बर्फ, कारण तिथेच सगळं बिघडतं. लादी ट्रकमधून ओढत, जमिनीवर घासत क्रशरपर्यंत येते. क्रशरचे दात आदल्या दिवशीचेच. जंतू बर्फात मरत नाहीत, थांबतात. बर्फ वितळला की थेंबाथेंबाने माशावर उतरतात. लादी फळीवर किंवा प्लास्टिकच्या जाळीवर ठेवा, क्रशरमध्ये घालण्याआधी तिच्यावर पिण्याच्या पाण्याचा हात मारा आणि क्रशर रोज संध्याकाळी धुवून २०० पीपीएम क्लोरीनच्या पाण्याने काढा. बांगड्यासाठी बर्फ-पाण्याचं मिश्रण उत्तम: दोन भाग चुरा बर्फ, एक भाग पाणी, त्या पाण्यात लिटरला ३० ग्रॅम मीठ. मीठ नसलं तर डोळे लवकर पांढरे होतात आणि चकाकी जाते. या मिश्रणात बांगडा अर्ध्या-पाऊण तासात थंड होतो, नुसत्या बर्फाच्या थरांत काही तास लागतात. मग क्रेटमध्ये खाली बर्फ, मासे, बर्फ, मासे, वर बर्फ. किलोला किलो. नुसता मासा थंड करायला ३०० ग्रॅमच्या आसपास बर्फ पुरतो, बाकीचा वाटेतल्या उन्हासाठी असतो. खालची भोकं उघडी हवीत, वितळलेल्या लाल पाण्यात मासा तरंगता कामा नये. थर्मामीटर डोक्यामागच्या सगळ्यात जाड भागात खुपसून बघा, बर्फात खुपसून नाही.

क्रेटचं थोडक्यात: आधी साबण आणि ब्रश, मग पाणी, मग १०० ते २०० पीपीएम दहा मिनिटं, मग उलटे टांगून वाळवणं. घासल्याशिवाय क्लोरीन मारला तर कोपऱ्यातला बुळबुळीत थर जिवंत राहतो. चिरा पडलेले क्रेट आणि बांबूच्या पाट्या कशानेही निर्जंतुक होत नाहीत. स्टीलच्या टेबलावर क्लोरीन रात्रभर ठेवू नका, खड्डे पडतात आणि मग त्या खड्ड्यांत जंतू घर करतात.

काही गोष्टी कुठल्याच औषधाने सुटत नाहीत. बांगडा, तारली, कुपा यांच्यात उबेमध्ये हिस्टामाइन नावाचा बाधणारा पदार्थ तयार होतो. ते बनवणारे जंतू धुण्याने मरतील, पण बनलेलं हिस्टामाइन धुऊन, गोठवून किंवा शिजवून जात नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं आणि दोष अॅलर्जीला जातो. युरोपात नऊ नमुन्यांपैकी दोनच किलोमागे १०० ते २०० मिलिग्रॅमच्या मध्ये चालतात, एकही २०० च्या वर चालत नाही. इलाज एकच, मासा होडीवरच ४ अंशांच्या खाली आणणं. आणि फॉर्मलिन (फॉर्मल्डिहाइडचं पाणी) हे जंतुनाशक धुणं नव्हे, ती फसवणूक आहे. २०१८ मध्ये केरळ आणि गोव्यात यावरून केवढा गोंधळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. कोचीच्या सीआयएफटी (केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था) या संस्थेने त्यासाठी कागदी पट्टीचं किट काढलं आहे. फक्त बोंबलावर ते वापरताना जपून. बोंबलात फॉर्मल्डिहाइड नैसर्गिकरीत्याच बऱ्यापैकी तयार होतं, तेवढ्यावरून विकणारीवर आळ घेऊ नका.

शेवटी, आपलं धुणं काम करतंय का हे कसं कळणार? प्रयोगशाळेत नमुने द्यायचे तर दोन नाही, तीन प्रकारचे द्या: न धुतलेला, नुसत्या थंड पाण्याने धुतलेला आणि औषधाने धुतलेला. तिन्ही एकाच होडीचे, एकाच क्रेटमधले, प्रत्येकी पाच मासे. विक्रेते नेहमी पहिला आणि तिसरा यांचीच तुलना दाखवतात, त्यातली बरीचशी घट साध्या पाण्याची असते. प्रयोगशाळेला सांगा की जंतू वाढवून मोजायची प्लेट ३५-३७ अंशांवर नको, २० ते २२ अंशांवर ठेवा. बर्फातला मासा नासवणारे थंडीतले जंतू माणसाच्या तापमानावर नीट वाढतच नाहीत आणि रिपोर्ट उगाच छान येतो. प्लेटमध्ये आयर्न अगार नावाचं लोहयुक्त पोषक माध्यम वापरलं तर कुजका वास आणणारे जंतू काळ्या ठिपक्यांनी वेगळे मोजता येतात. एकूण संख्या ग्रॅमला ५ लाखांच्या आत असेल तर माल चांगला, १ कोटीच्या वर असेल तर नापास. आणि दुसऱ्या व तिसऱ्या नमुन्यात दहापट फरक दिसत नसेल तर हायपोचा डबा परत करून त्या पैशांचा बर्फ घ्या.